उतार वाचताना

वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३० च्या दशकात आखून घेतलेले गोल्फचे मैदान आजही नांदते आहे. तिथला जाणता खेळाडू खळग्याजवळ आला, की चेंडूमागे उकिडवा बसतो आणि पलीकडे जाऊन उलट दिशेनेही जमीन न्याहाळतो. तो उतार वाचत असतो.

हाच खेळ आता मोबाइलवर आला आहे. पडद्यावरील हिरवळीवर जाळी उमटते, तिच्या रेषांवरून ठिपके सरकतात, त्यांच्या गतीवरून उतार ताडायचा. आणि चेंडू खळग्याला चाटून निसटला, की तरुण मंडळी यंत्राला बोल लावतात. त्यांची तळमळ खरी आहे. परंतु चेंडू वेगात असतो तोवर उतार त्याला फारसा वाकवीत नाही. वेग मंदावला, की अखेरच्या हातभर अंतरात तो सर्वाधिक वळतो. म्हणून खळग्यापाशी आधी उतार वाचावा.

मित्रहो, आपला शब्दही सद्हेतूने निघतो. पण ज्या अंतःकरणात तो पोहोचायचा, तिथे रात्रीचे जागरण, मुलाची चिंता किंवा एखादा जुना अपमान दडलेला असेल, तर सरळ शब्दही शेवटी वळतो, आणि आपण मात्र ऐकणाऱ्यावर रुसतो. आपण उतार वाचलेला नसतो.

आज कचेरीच्या खिडकीशी एखादे वृद्ध गृहस्थ अर्जाविषयी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी त्यांना बसायला सांगा, आणि ते कुठून आले आहेत, सोबत कोणी आहे का, एवढे विचारा.