काचेची फुले

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले २४ गुरू कथन केले आहेत. पृथ्वी, वायू, समुद्र, पतंग, मधमाशी, कोळी अशी ती मालिका. कीर्तनात आपण ती वारंवार ऐकतो आणि एकेका गुरूचा बोध पदरी बांधून घरी परततो. परंतु तो बोध होण्यापूर्वी अवधूताने त्या कोळ्याकडे किती काळ टक लावून पाहिले असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्हांस आज त्या पाहण्याविषयीच निवेदन करावयाचे आहे. दृष्टान्त मात्र दूरदेशीचा आहे.

जर्मनीत ड्रेस्डेन नगरानजीक लिओपोल्ड ब्लाश्का व त्याचा पुत्र रुडॉल्फ हे काचकाम करीत. समुद्रातील मऊ देहाच्या प्राण्यांच्या त्यांनी घडविलेल्या प्रतिकृती संग्रहालयांतून नावाजल्या होत्या. १८८६ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज गुडेल त्यांच्या दारी गेले. वाळवून दाबलेल्या फुलाचा रंग जातो, घाट जातो. विद्यार्थ्यांना शिकवावे कशावर, ही त्यांची अडचण. नमुन्यादाखल पाठविलेल्या काचेच्या फुलांची वाटेत जकातीच्या तपासणीत मोडतोड झाली, तरी ते तुकडे पाहूनच काम सोपवावे असे ठरले. वेअर नामक मायलेकींनी द्रव्य पुरविले आणि १८८७ पासून १९३६ पर्यंत हे कार्य चालले. सुमारे ७८० जातींच्या वनस्पती, एकंदर ४,३०० हून अधिक प्रतिकृती! पायाने भाता चालवावा, ज्योतीवर काच मऊ करावी आणि चिमट्याने पाकळी ओढावी, एवढेच साधन. कोणते तरी गुप्त यंत्र असावे असा लोकांचा तर्क होता. लिओपोल्डचे म्हणणे असे की यंत्र नाही, हातगुण आहे, आणि तो पिढीगणिक वाढत जातो.

त्या संग्रहात काजूही आहे. आपल्या डोंगरउतारांवरचा, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला, तोच काजू. आपण ज्यास फळ समजून खातो तो बोंडू वस्तुतः फुगलेला देठ होय. खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी, कठीण कवचाची बी. गोमंतकात जन्म काढलेल्या कितीजणांच्या हे ध्यानी आले असेल?

रुडॉल्फ १८९२ मध्ये जमैका व अमेरिकेत हिंडून झाडांची चित्रे व टिपणे घेऊन आला. १८९५ मध्ये पिता निवर्तला; पुढे चाळीस वर्षे पुत्र एकटाच बसून राहिला. १९२४ नंतर काही वर्षे त्याने काय घडवावे? बुरशी लागलेली, डागाळलेली, कुजलेली फळे! सडक्या पीचवरील बुरशीही त्याने पाकळीइतक्याच निगुतीने केली.

देवास किडके फूल वाहू नये हा आपला आचार योग्यच आहे, त्यात आम्ही यत्किंचितही शंका घेत नाही. तथापि किडके फूल वेगळे काढावयाचे म्हणजे प्रत्येक फूल आधी पाहिले पाहिजे. परडीतून मूठभर उचलून मूर्तीवर टाकणारा हात काय पाहतो? शास्त्राने मनुष्य नास्तिक होतो असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. एका पुंकेसरासाठी दिवस खर्ची घालणाऱ्यास अश्रद्ध म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

रुडॉल्फला अपत्य नव्हते, शिष्यही नव्हता. १९३९ मध्ये तो वारला आणि पिढीगणिक वाढणारा तो हातगुण तेथेच थांबला. पुजाऱ्यांच्या घरात वाढलेल्या आम्हां तरुणांस हा भाग वाचताना चैन पडत नाही. चतुर्थीस गणरायाला २१ पत्री वाहावयाच्या. त्यांतील माका, अघाडा, शमी, डोरली ही पाने वेलीझाडावर ओळखणारे आपल्या वाड्यात आता किती उरले? माटोळीस नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन ही बाजारातून येतात. रानातील फळे आणणारे हात मात्र म्हातारे झाले आहेत. कोणते फळ कोणत्या ओहळाकाठी सापडते हे त्यांच्याच स्मरणात आहे. यंदा माटोळी बांधण्यापूर्वी एक दिवस त्यांच्यासमवेत रानात जावयास आम्ही निघणार आहोत. ज्या घरांतील मुलांस यावयाचे असेल त्यांनी सोबत वही व पेन्सिल आणावी.