राखण आणि राखीव

सृष्टीचे रक्षण करणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे, याविषयी आज मंडळीत फारसे दुमत नाही. रक्षण कोणी करावे आणि कोणापासून करावे, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे. ७५४ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश तीर्थन व सैंज नद्यांच्या खोल दऱ्यांपासून सहा हजार मीटरांवरील हिमशिखरांपर्यंत चढत जातो. परवाना घेऊन तेथे पायीच हिंडावे लागते. २०१४ साली युनेस्कोने या उद्यानाचा जागतिक वारशात समावेश केला. पण तेथील कित्येक पाऊलवाटा पर्यटकांसाठी पाडलेल्या नाहीत. उन्हाळ्यात मेंढरे घेऊन वरच्या कुरणांकडे जाणारे मेंढपाळ आणि गुच्छी नावाची अळंबी व औषधी मुळे गोळा करणारे गावकरी यांनी त्या पिढ्यान् पिढ्या तुडविल्या होत्या. १९९९ साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि हे हक्क संपुष्टात आले. काहींना नुकसानभरपाई मिळाली, काहींना पर्यटकांचे ओझे वाहण्याचे काम मिळाले.

बंदीमागील कारण खोटे नव्हते. जुजुराणा हा दुर्मीळ रानपक्षी ज्या वसंत ऋतूत अंडी घालतो, त्याच ऋतूत गुच्छी उगवते. माणसांचा व कुत्र्यांचा वावर वाढला की पक्षी विचलित होतात. चिमण्यांचीही दखल घेणाऱ्या पित्यावर आपला विश्वास आहे. तेव्हा पाखरासाठी माणसाने हात आवरावा यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. मला खुपते ते निराळेच. त्याच १९९९ साली पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी काही भूभाग उद्यानाच्या सीमेबाहेर ठेवण्यात आला. ज्याच्यापाशी मेंढरे होती त्याच्यासाठी सीमा अचल ठरली. ज्याच्यापाशी योजना होती त्याच्यासाठी ती सरकली.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यास येथे एक इब्री शब्द आठवल्यावाचून राहत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला एदेन बागेत ठेवले, तेव्हा त्याला दोन कामे नेमून दिली. ‘अबाद’ म्हणजे सेवा, कष्ट. आणि ‘शामार’ म्हणजे राखण. पुढच्याच अध्यायात ‘शामार’ पुन्हा येतो. मनुष्य बाहेर घालविलेला आहे, आणि जीवनवृक्षाकडील वाटेची राखण आता करूब करीत आहेत. चौथ्या अध्यायात तोच धातू काइनाच्या तोंडी आहे: भावाचा राखणदार मी आहे काय, असे तो उलट विचारतो. अहरोनाच्या आशीर्वादात परमेश्वर आपल्या लोकांना राखतो, तेथेही हाच शब्द.

तीन अध्यायांत ही तीन स्थळे यावीत, हा माझ्या मते केवळ योगायोग नव्हे. बागेतली राखण कष्टाशी जोडलेली आहे. जो राखतो तोच तेथे खपतो आणि तेथलेच खातो. करूबांची राखण तरवारीची आहे, आणि ती नेमणूक देवाने केली होती. आपण एखाद्या रानातून माणसे काढून फाटकावर पहारा बसवितो, तेव्हा पहिली आज्ञा पाळीत असल्याचे समाधान मानतो. पण काम मात्र करूबांचे अंगावर घेतलेले असते, तेही कोणी न नेमता. आणि भाऊ कोठे आहे, हा प्रश्न तर तसाच राहतो.

याच उद्यानाला लागून सैंज अभयारण्य आहे. तेथे शक्ती, मरोर अशी खेडी आजही वसलेली आहेत, आणि जागतिक वारशाच्या सीमेत तीही धरली आहेत. म्हणजे माणसासह राखणे अगदीच अशक्य नाही. त्रासाचे मात्र आहे. कोणत्या महिन्यात कुरण मिटावे, किती मेंढरे वर न्यावीत, हे त्या लोकांसमवेत बसून ठरवावे लागते. पहारा बसविणे त्यापेक्षा सोपे.

आपल्या मराठीत एकाच ‘राखणे’ या क्रियापदापासून दोन शब्द निघाले आहेत. राखण करणारा शेतात माळ्यावर बसतो, रात्र तेथेच काढतो, आणि कणसे भाजून खातो. राखीव जंगलाला मात्र कुंपण असते आणि पाटी असते. सरकारी कागदात दुसरा शब्द रुळला आहे. उत्पत्तीच्या त्या वचनासाठी मी पहिलाच निवडीन.