आधी अंक विकत घे

बस. आणि तो मोबाइल खिशात ठेव.

'आजचा तरुण आणि उद्याचा भारत'! असं शीर्षक सुचायला डोकं लागत नाही रे. अडीच हजार शब्द खरडलेस, त्यात थेरगाव कुठे आहे? चाकणची तुझी कंपनी कुठे आहे? पहाटे डांगे चौकात बसची वाट बघत उभा असतोस तू, आणि लिहितोस मात्र सभेत हार घालून बसलेल्या पाहुण्यासारखा. वर तो लेख पाच संपादकांना एकाच मेलमध्ये धाडलास, सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतील असा. खाली प्रश्न, 'मानधन किती?' उत्तर आलं नाही, तर मला येऊन सांगतोस, 'सर, वशिला लागतो.' अरे, त्या पाचांपैकी एकाचा तरी अंक कधी विकत घेतलास? 'साधना'ला तू 'आपले लोकप्रिय मासिक' म्हणतोस. साने गुरुजींनी 1948 साली काढलेलं साप्ताहिक आहे ते. संपादकानं तिथेच वाचणं थांबवलं असेल, आणि बरोबर केलं.

आगरकरांचं नाव तर लेखात जागोजागी पेरलंयस. 'केसरी' सोडून 1888 साली त्यांनी 'सुधारक' काढला, तो आपल्याच माणसांचा राग ओढवून घ्यायच्या तयारीनं. तुझा लेख वाचून कोणाच्या कपाळावर आठी तरी पडेल का? 'तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावे' याला मत म्हणत नाहीत. याच्या विरुद्ध बोलणारा माणूस तरी दाखव मला!

मत कुठे असतं सांगू? तुझ्या नळात. 2019 च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवड शहराला दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. ते धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनीनं आणायचं ठरलं, तर 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. आता तू थेरगावात राहतोस, तुला रोज पाणी हवंय. मग जलवाहिनी व्हावी की नाही? बोल! गप्प का? हो म्हणालास तर मावळातले तुझे मामा बोलणं टाकतील, नाही म्हणालास तर सोसायटीतले हसतील. तिथे लेख आहे. केजुबाईच्या बंधाऱ्यावर फेस आला की व्हिडिओ काढायला पळतोस. तो फेस कोणाच्या सांडपाण्याचा, हे विचारायला महापालिकेत गेलास कधी? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पाठवायचं कसं, तेही ऐक. आधी दहा ओळींचं पत्र: विषय काय, माझं म्हणणं काय, ते मीच का लिहावं, आत्ताच का. एका वेळी एकाच संपादकाला. नकार आला किंवा महिनाभर थांबून पुन्हा विचारूनही उत्तर आलं नाही, तर दुसऱ्याला. तेही पहिल्याला कळवून. मजकूर युनिकोडमध्ये, शब्दमर्यादा पाळून. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच चालू होते, गणपतीत लेख पाठवून त्यात जागा मागू नये.

आणि पैसे. मागायचेच, पण लेख स्वीकारल्यावर, आणि लेखी. अनेक नियतकालिकं थोडं देतात, काही काहीच देत नाहीत. फुकट लिहायचं की नाही ते तू ठरव, मात्र छापून आल्यावर रडायचं नाही. कोणी कागदावर सही मागितली तर वाचून कर. तू त्यांचा नोकर नाहीस, म्हणजे लेखाचा पहिला मालक तूच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कंपनीच्या नेमणूकपत्रावरही तू न वाचताच सही केली होतीस, ते मला माहीत आहे.

जलवाहिनीवर आठशे शब्द, पुढच्या रविवारी, कागदावर. शिफ्टची सबब चालणार नाही. तुझी नाइट कधी असते ते तुझी आई मला सांगते.