विभावाविना अनुभाव

शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.च्या प्रबंधांमध्ये 'माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक संपादणूक यांतील सहसंबंध' हा साचा महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे चालत आला आहे. भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचा विचारासाठी उपयोग करण्याची क्षमता, ही संकल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडली, डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचवली, आणि पुढे तिच्या प्रश्नावल्यांची मराठी भाषांतरे तालुक्यातालुक्यांतील विद्यार्थ्यांकडून भरून घेतली जाऊ लागली. आता या साच्यात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द येऊन बसत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांत, असा विषय एखाद्या संशोधकाने घ्यावा ही स्वागतार्हच गोष्ट आहे. मात्र जुनी प्रश्नावली काढून तिच्या जागी कॅमेरा ठेवणे एवढाच त्या विषयाचा अर्थ होणार असेल, तर तो न घेतलेला बरा.

शिक्षणात भावनेचे स्थान काय, हा प्रश्न यंत्रांनी निर्माण केलेला नाही. बी.एड.च्या प्रत्येक छात्राध्यापकाला बेंजामिन ब्लूम यांच्या वर्गीकरणातील बोधात्मक, भावात्मक आणि क्रियात्मक ही तीन क्षेत्रे पाठ असतात. त्यांपैकी भावात्मक क्षेत्राचा खंड १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून ते क्षेत्र पाठ टाचणाच्या एका रकान्यात मुक्कामाला आहे, कारण त्याचे मूल्यमापन कसे करायचे हे कोणालाच नीट जमलेले नाही. याच दुबळ्या जागेवर संगणकशास्त्राने पाऊल ठेवले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात भावसंगणनाची, म्हणजे भावना ओळखणाऱ्या आणि त्यांना प्रतिसाद देणाऱ्या संगणकप्रणालींची, कल्पना मांडली. अशा प्रणाली चेहऱ्याची हालचाल, आवाजाची पट्टी, त्वचेवरील घामामुळे बदलणारी विद्युत्वाहकता आणि लिहिलेला मजकूर यांवरून माणसाच्या मनःस्थितीचे अनुमान करतात.

चेहऱ्यावरून भावना ओळखण्यामागे बहुतेक वेळा पॉल एकमन यांचा सिद्धान्त उभा असतो. राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य या सहा मूलभूत भावना सर्व मानवजातीत सारख्याच मुद्रांनी प्रकट होतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि वॉलेस फ्रीसन यांच्यासह त्यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची एक संकेतावलीही तयार केली. यंत्रांना शिकवण्यासाठी सुरुवातीला जे छायाचित्रसंग्रह वापरले गेले, त्यांतील अनेक मुद्रा सांगून करवून घेतलेल्या होत्या. म्हणजे यंत्र भावना शिकले नाही, अभिनय शिकले. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन दाखवले की रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतोच असे नाही, आठ्या घातलेला माणूस रागावलेलाच असतो असेही नाही, आणि प्रसंग ठाऊक नसताना केवळ मुद्रेवरून भावना ठरवणे विश्वासार्ह नाही.

मराठी अभ्यासकाला हा निष्कर्ष फारसा नवा वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे भाव आणि आठ सात्त्विक भाव, असे एकूण एकोणपन्नास भाव सांगितले आहेत. सात्त्विक भावांत स्वेद आहे, स्वरभेद आहे, वेपथु म्हणजे कंप आहे. आजची संवेदक उपकरणे जे मोजतात त्यातले बरेचसे या यादीत आधीच नोंदलेले आहे. फरक असा की भरताने या खुणांना एकटे सोडले नाही. अश्रू आनंदानेही येतात, रागानेही येतात आणि धुरानेही येतात, याची जाण सातव्या अध्यायात आहे, आणि म्हणूनच रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव या तिघांचा संयोग आवश्यक मानला आहे. विभाव म्हणजे भाव जागवणारे कारण, तर अनुभाव म्हणजे तो भाव बाहेर दिसण्याची खूण. हा सिद्धान्त रंगभूमीचा आहे, वर्गाचा नाही, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्तही आहे. पण लौकिक जीवनात ज्यांना कारण, कार्य आणि सहकारी म्हणतात त्यांनाच काव्यनाट्यात ही नावे मिळतात, असे काव्यशास्त्रकार मम्मटाने स्पष्ट केले असल्यामुळे उलट दिशेचा प्रवासही करता येतो. त्या दिशेने पाहिले की भावसंगणनाची मर्यादा एका वाक्यात सांगता येते: यंत्राला अनुभाव दिसतो, विभाव दिसत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) रसविचाराची चिकित्सा याच गावात राहून केली; तेव्हा या भागातील संशोधकाने संदर्भग्रंथांची यादी केवळ अमेरिकेतून मागवण्याचे कारण नाही.

लातूरमध्ये हे विभाव शोधायला दूर जावे लागत नाही. १९७० मध्ये स्थापन झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याआधीचे दयानंद महाविद्यालय यांच्या परिसरात जो 'लातूर पॅटर्न' आकाराला आला, त्याचा गाभा जादा तास, घटकनिहाय सराव, पुन्हा पुन्हा होणाऱ्या चाचण्या आणि शिक्षकांनी वेळापत्रकाबाहेर दिलेला वेळ हा होता. राजर्षी शाहूचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हा योगायोग या दोन शहरांचे शैक्षणिक नाते सांगून जातो. पुढे बारावीच्या गुणांपेक्षा वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेचे गुण निर्णायक ठरले, दोन्ही शहरांत खाजगी शिकवण्या, वसतिगृहे आणि खानावळी वाढल्या, आणि त्या पद्धतीतील चाचणी टिकून राहिली असली तरी शिक्षकाने दिलेला वेळ कितपत टिकला याविषयी शंका घ्यायला जागा आहे. शेती गहाण ठेवून किंवा विकून मुलाला 'रिपीटर' बॅचला पाठवणारे वडील हा त्या मुलाच्या भीतीचा विभाव आहे, आणि तो कोणत्याही कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही.

संपादणुकीशी जोडलेल्या भावनांचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेकरुन यांनी २००६ मध्ये मांडलेला नियंत्रण-मूल्य सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. निकाल आपल्या हातात किती आहे आणि तो आपल्यासाठी किती महत्त्वाचा आहे, या दोन जाणिवांच्या मेळातून चिंता, लाज, आशा किंवा कंटाळा उद्भवतो, असे हा सिद्धान्त सांगतो. ज्याच्यासाठी निकालाचे मूल्य सर्वस्वाइतके आणि त्यावरील ताबा मात्र लाखो स्पर्धकांमुळे अनिश्चित, त्याच्या चिंतेचे कारण समजण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही. ते समजूनही काही न करण्याची सोय मात्र ती करून देऊ शकते, आणि खरा धोका हाच आहे.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. सिडनी डिमेलो आणि आर्थर ग्रेसर यांच्या संशोधनातून असे दिसले की अवघड विषय शिकताना होणारा संभ्रम हा अध्ययनाचा शत्रू नसून पुष्कळदा त्याची पायरी असतो, फक्त तो वेळेत सुटला पाहिजे. न सुटल्यास त्याचे वैफल्यात आणि पुढे कंटाळ्यात रूपांतर होते. भौतिकशास्त्राच्या एखाद्या उदाहरणात विद्यार्थी नेमक्या कोणत्या पायरीवर अडला, किती वेळ थांबला, कोणता चुकीचा पर्याय पुन्हा पुन्हा निवडला, हे त्याच्या उत्तरांच्या नोंदींवरून संगणक शिक्षकापेक्षा लवकर सांगू शकतो, आणि त्यासाठी चेहरा टिपण्याची गरज नसते. म्हणून काम वाचणारे यंत्र वर्गात यावे आणि चेहरा वाचणारे येऊ नये, अशी रेघ ओढणे शक्य आहे आणि ती ओढलीही पाहिजे.

भाषेची अडचण वेगळीच आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये मराठी मजकुरातील भावकल ओळखण्यासाठी सुमारे १६ हजार ट्विटांचा संग्रह उपलब्ध करून दिला, हे मोलाचे काम आहे. परंतु ट्विटरवरची मराठी ही 'काय करायलास' म्हणणाऱ्या मुलाची मराठी नव्हे; शिवाय किनवट-माहूरकडे घरी गोरमाटी किंवा गोंडी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारी मुले वर्गात मराठीत बोलतात तेव्हा त्यांचे मौन हा कंटाळा आहे की शब्द जुळवण्यासाठी घेतलेला वेळ, हे ओळखायला शेजारच्या बाकावरचा मित्र पुरेसा असतो आणि प्रणाली अपुरी ठरते. या फरकाची पद्धतशीर नोंद करणारा प्रबंध नांदेडहूनच येऊ शकतो, कारण हे सगळे वर्ग त्याच जिल्ह्यात वा त्याच्या शेजारी भरतात.

कायद्याने काही दारे बंद केली आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता अधिनियमाने शिक्षणसंस्थांत आणि कामाच्या ठिकाणी भावनांचे अनुमान करणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली असून ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, म्हणजे अकरावी-बारावीचा जवळपास सारा वर्ग त्यात येतो. बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास हा कायदा मनाई करतो, पण नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती व सुरक्षेपुरती सूट दिली आहे, आणि 'शैक्षणिक काम' या शब्दांची ऐसपैस जागा पाहता ही सूट अपवाद राहील याची खात्री देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेले निर्देश अधिक थेट आहेत: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि शिकवणी वर्गांनी गुणांच्या आधारे बॅचेस पाडू नयेत. भावना ओळखणारी प्रणाली विकत घेण्यापूर्वी एवढे दोन निर्देश किती ठिकाणी पाळले जातात, याची साधी पाहणीदेखील एक उत्तम संशोधनविषय ठरेल.

तेव्हा मार्गदर्शकांनी आणि संशोधन मान्यता समित्यांनी असा आराखडा समोर आल्यावर संशोधकाला तीन गोष्टी विचाराव्यात. नोंदवलेल्या भावनेचे कारण तो कसा शोधणार आहे, त्यासाठी विद्यार्थ्याशी त्याच्या बोलीत बोलणार आहे की नाही, आणि निष्कर्ष हाती आल्यावर वर्गात नेमके कोण काय करणार आहे. प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढवला की नियमाचे काम संपते, परंतु ज्या शाळेतील मुलांनी आपली चिंता संशोधकाच्या हाती दिली त्या शाळेला त्याचा दहा-पंधरा पानांचा मराठी गोषवारा मिळाल्याशिवाय मौखिक परीक्षा घेऊ नये, एवढी अट विद्यापीठाने घालावी.