बाजार न पाहिलेला माणूस

दुपारी अडीच-तीनची वेळ. पेठेतल्या वाड्यात जेवणं आटोपून भांडी पालथी पडलेली असतात आणि गल्लीतून हाक येते : ‘जुनी जर, जुन्या जरीच्या साड्याऽऽ!’ आतली बाई जरा घुटमळते आणि पलंगाखालची ट्रंक ओढते. डांबराच्या गोळ्यांचा वास, पिवळं पडलेलं वर्तमानपत्र आणि त्याखाली सासूबाईंची पैठणी. घडीघडीवर विरलेली, उलगडायला गेलं की रेशीम सुटून हातात येतं. काठ मात्र शाबूत.

ओट्यावर बसलेला माणूस पदरावरचे मोर बघत नाही. तो काठ अंगठ्याखाली चोळतो, कडेचा एक धागा उसवतो, काडी ओढून ज्योतीवर धरतो. रेशीम चुरचुरून जळतं आणि मागे पांढरी तार उरते. चांदी. हल्लीची खोटी जर असती तर तार तांबूस निघाली असती, नाहीतर प्लॅस्टिकसारखी आकसून गोळा झाली असती. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. ‘मावशी, पार जीर्ण झालीय. ठेवून तरी काय करणार? आठशे देतो.’ मावशींनी मनात पाचशे धरलेले असतात. सौदा होतो, दोघंही खूश. संध्याकाळी काठ कापून जाळला जातो आणि निघालेल्या चांदीचे आठशेच्या कितीतरी पट पैसे होतात.

यात खोटं कुणी बोललेलं नाही. साडी जीर्ण होतीच. दमदाटी झाली नाही, मापात पाप नव्हतं. मग चुकलं काय? मुळात काही चुकलं का?

कायद्याला विचारावं तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. कलम २५ च्या उदाहरणांत एक घोडा येतो. किंमत हजार रुपये, मालक विकतो दहा रुपयांना. मालकाची संमती मोकळी असेल तर करार पक्का. एवढ्या पडेल भावावरून संमती खरोखर मोकळी होती का, याची शंका न्यायालयाने घ्यावी, इतकीच सवलत. (मसुदा करणाऱ्यांना घोड्यांचं भारी वेड असावं, फसवणुकीची व्याख्या सांगणाऱ्या कलम १७ मध्येही घोडेच घोडे.) नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे, असं ते कलम म्हणतं. दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव फिरल्याची आतली खबर लागली, तरी ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. मात्र तिथेच दोन फटी ठेवल्या आहेत. नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला बाप घोडा विकत असेल, तर घोड्याची खोड त्याने सांगितलीच पाहिजे, नात्यामुळे. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी समजतो,’ तर त्यानंतरचं मौन हे बोलणंच. मावशींनी ‘भाव बरोबर आहे ना रे, दादा?’ असं विचारलं असतं आणि तो नुसताच हसला असता, तर निदान कागदावर गोष्ट बदलण्याची शक्यता होती. मावशींनी विचारलं नाही.

फ्रान्समध्ये हा प्रश्न थेट वरच्या न्यायालयापर्यंत गेला. एका बाईने १९८६ साली बाल्दुस नावाच्या छायाचित्रकाराचे पन्नास फोटो लिलावात नगाला हजार फ्रँक या भावाने विकले. १९८९ मध्ये तिने त्याच गिऱ्हाइकाला शोधून काढून, त्याच भावाने, आणखी ८५ फोटो दिले. बाल्दुस हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित छायाचित्रकार होता, हे तिला मागाहून कळलं. ३ मे २००० चा निकाल असा की घेणाऱ्यावर काहीही सांगण्याचं बंधन नव्हतं. २०१६ मध्ये फ्रेंच करार कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा समोरच्याला माहिती देण्याचं कर्तव्य त्यात घातलं गेलं, पण वस्तूच्या किमतीचा अंदाज त्यातून मुद्दाम वगळला.

त्याहून गाजलं ते मुखवट्याचं प्रकरण. एका वृद्ध फ्रेंच जोडप्याने २०२१ मध्ये दक्षिण फ्रान्समधलं घर रिकामं करताना एक लाकडी आफ्रिकी मुखवटा जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला १५० युरोंना दिला. मार्च २०२२ मध्ये मोंपेलिएच्या लिलावात तो ४२ लाख युरोंना गेला. गॅबनमधल्या फांग लोकांचा तो दुर्मीळ ‘न्गिल’ मुखवटा होता. जोडप्याने दावा लावला. व्यापाऱ्याने तडजोडीसाठी तीन लाख युरो देऊ केले होते, पण वाद मिटला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेसच्या न्यायालयाने जोडप्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं : व्यापाऱ्याला किंमत माहीत होती हे सिद्ध होत नाही, आणि जाणकाराला न दाखवता वस्तू विकण्याचा हलगर्जीपणा तुमचाच. तो मुखवटा घरात आला कुठून, तर नवऱ्याचे आजोबा फ्रेंच वसाहतीत गव्हर्नर होते. त्यांनी तो मूळ मालकाकडून काय देऊन घेतला, हा प्रश्न गॅबनने विचारला. त्याचीही मागणी फेटाळली गेली. न कळून विकणाऱ्यांची साखळी अशी मागे मागे जाते आणि कुठल्यातरी जंगलातल्या गावात थांबते.

कायद्याने हात झटकले तरी नीतिकारांनी आणि धर्मग्रंथांनी या प्रश्नाला चांगलंच धरून ठेवलं आहे. सिसेरो रोममधल्या स्कायव्होलाची गोष्ट सांगतो. जमीन घेताना त्याने मालकाला शेवटची किंमत सांगायला लावली आणि मग म्हणाला, माझ्या मते जमिनीचं मोल याहून जास्त आहे. वर एक लाख सेस्टर्स मोजले. सिसेरोची तक्रार अशी की हा माणूस सज्जन होता हे सगळे मान्य करतात, शहाणा होता हे मात्र कुणी मान्य करत नाही. दोन हजार वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने अशाच एका ओळखीच्या माणसाबद्दल लिहिलं. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आलं, विकणाऱ्याला किंमत ठाऊक नव्हती, तर त्याने आपणहून योग्य दाम दिलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने तर नियमच केला : विकणारा पितळ समजून सोनं देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर घेणं अन्याय्य आहे आणि भरपाई देणं बंधनकारक. आता याच परंपरेच्या बायबलमध्ये येशूचा एक दृष्टान्त आहे. शेतात पुरलेला खजिना सापडलेला माणूस तो पुन्हा झाकून ठेवतो, घरदार विकतो आणि ते शेत विकत घेतो. शेताच्या मालकाला कुणी काही सांगितल्याचा उल्लेख नाही. दृष्टान्त स्वर्गाच्या राज्याबद्दल आहे हे कबूल. तरी त्या मालकाची आठवण वाचणाऱ्याला येतेच.

ज्यू परंपरेने या प्रश्नाला आकडा लावला. बाजारभावापासून एक षष्ठांशाहून कमी तफावत असेल तर सोडून द्यायची. बरोबर षष्ठांश असेल तर फरक परत करायचा. त्याहून जास्त असेल तर सौदा मोडता येतो. नियम घेणारा आणि विकणारा दोघांनाही लागू. पण ताल्मुदमध्ये त्यापुढे एक बारकावा आहे. जादा पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला तक्रारीची मुदत थोडकी : वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातलगाला दाखवून आणण्याइतकी. स्वस्तात विकून बसलेल्याला मात्र मुदतच नाही. का? कारण गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू आहे, तो ती दाखवू शकतो. विकणाऱ्याच्या हातातून ती गेली. तो आता दाखवणार काय? मावशींची पैठणी संध्याकाळच्या आत जळालेली असते.

आणि मग हदीस. गावाकडून माल घेऊन येणाऱ्या तांड्याला वेशीबाहेर गाठून माल विकत घ्यायला पैगंबरांनी मनाई केली. कुणी तसा घेतलाच, तर बाजारात पोहोचून भाव पाहिल्यावर सौदा मोडायचा हक्क मालकाला दिला. इथे किंमत किती, नफा किती याची चौकशीच नाही. विकणाऱ्याने बाजार पाहिला होता का, एवढंच विचारलं आहे.

सगळ्या गुंत्यात हाच प्रश्न हाताला लागण्यासारखा आहे. पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथे गोणपाटावर नळ, पाने, घड्याळं, कॅमेरे, पितळी डबे मांडलेले असतात. पाचशेला मांडलेलं भिंग कुणी जाणकार पाच हजारांचं म्हणून ओळखतो, शांतपणे पैसे मोजतो आणि घरी जाऊन मित्रांना चहा पाजतो. त्यात कुणाला गैर वाटत नाही, आणि वाटूही नये. गोणपाटापलीकडचा माणूस रोज शंभर गिऱ्हाइकं बघतो. गेल्या आठवड्यात त्यानेही कुणाला बंद पडलेलं घड्याळ चालू म्हणून गळ्यात मारलेलं असतं. दोघंही मैदानात उतरलेले आहेत. हाच जाणकार एखाद्या वाड्याच्या ओसरीवर बसून, दिवंगत नवऱ्याचं कपाट उपसणाऱ्या बाईकडून तेच भिंग पाचशेला घेतो, तेव्हा घरी येऊन चहा पाजतो खरा, पण गोष्ट सांगताना ती बाई गाळतो. ती गाळावीशी वाटते, हाच पुरावा. ज्ञान तेच आहे आणि भिंगही तेच. फक्त तो या वेळी वेशीबाहेर गेला होता.

ज्ञान कष्टाने मिळवलेलं असतं, त्याचा मोबदला का मिळू नये, हा युक्तिवाद मात्र पोकळ नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत होते. ज्यांच्या माळ्यावर ती पडली होती त्यांच्या लेखी ती वाळवीची धन होती. १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला तेव्हा कुठे त्या कागदांना किंमत आली. म्हणजे ती राजवाड्यांनीच निर्माण केली. दिनकर केळकरांनी जुन्या घरांतले दिवे, अडकित्ते, दारं, भांडी जमवून पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभं केलं. त्यांनी तसं केलं नसतं तर त्यातलं बरंचसं पितळ मोडीत गेलं असतं. त्यांनी वस्तू घेऊन पुढे चढ्या भावाने विकल्या नाहीत. संग्रह सरकारच्या हवाली केला. तो अडकित्ता आजही बाजीराव रोडवर काचेआड आहे आणि विकणाऱ्याची नात तिकीट काढून तो पाहू शकते. जाळलेल्या काठाबद्दल असं काही म्हणता येत नाही.

मुंबईतल्या एका जवाहिऱ्याचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) रेवाशंकर जगजीवन यांच्याबरोबर हिरे-मोत्यांचा व्यापार करत. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेले गांधी त्यांना मुंबईतच भेटले आणि भारावले. चरित्रकार सांगतात, मोत्यांचा व्यापार करणाऱ्या एका अरबाच्या धाकट्या भावाने हौसेने परस्पर सौदा केला आणि मोती राजचंद्रांना विकून टाकले. थोरल्याने घर डोक्यावर घेतलं, कारण भाव फारच कमी मिळाला होता. धाकटा रडवेला होऊन परत आला. राजचंद्रांनी मोती पुढे केले, आपले पैसे परत घेतले, विषय संपला. ते जैन होते आणि जैन शास्त्राची सूक्ष्मता प्रसिद्ध आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे दोष मोजले आहेत त्यांत चोरीचा माल घेणं येतं, खोटी मापं येतात, भेसळ येते. माहीत असून गप्प राहणं त्या यादीत नाही. म्हणजे राजचंद्रांनी शास्त्राने मागितलं त्याच्या वर दिलं, तेही मुंबईच्या मोतीबाजारात, जिथे असं करणाऱ्याला काय म्हणत असतील ते सिसेरोने सांगून ठेवलंच आहे.

जरवाल्याने राजचंद्र व्हावं, अशी अपेक्षा करणं हा दिवाणखान्यात बसून केलेला उपदेश झाला. तो उन्हातान्हात दहा गल्ल्या हिंडतो. नऊ घरांतून ‘नाही’ ऐकतो, कधी खोटी जर खरी समजून पदरचे पैसे घालवतो. पण हदीसमधला नियम नफा सोडायला सांगत नाही. ‘मावशी, काठात चांदी आहे. सराफाला एकदा विचारा, मी परवा येतो,’ एवढंच तो मागतो. या वाक्याची किंमत जरवाल्याला विचाराल तर तो हसेल : परवापर्यंत त्या गल्लीत दुसरा कुणी जाऊन आलेला असेल.

आता म्हणे मोबाइल आहे, बाजार खिशात आला. आला, पण वाकडा होऊन. पाच रुपयांच्या अमुक नाण्याचे लाखो रुपये मिळतात, अशा चित्रफिती पाहून लोक डबे उपसतात आणि विक्रीआधीच ‘नोंदणी शुल्क’ भरून बसतात. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, आणि त्यासाठी आपण कुठलंही शुल्क मागत नाही. पूर्वी विकणाऱ्याला वस्तूची किंमत कमी वाटायची म्हणून तो नागवला जायचा, आता जास्त वाटते म्हणून.

संध्याकाळी जरवाला राखेची पुडी घेऊन गलाईच्या दुकानात जातो. देशभरातल्या अशा दुकानांत सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची माणसं बसलेली असतात. मुशीत राख वितळते, चांदीचा मणी निघतो, दुकानदार तो काट्यावर टाकतो आणि मान वर न करता टंच सांगतो. टंच तपासायचं साधन जरवाल्याकडे नाही. तो मण्याकडे बघतो, काट्याकडे बघतो. ‘बरोबर आहे ना, शेठ?’