मत नको, हिशेब हवा

१९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे, एवढीच त्या दिवशीची मागणी होती. मूळ मागणीही माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, तोही जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत अशाच भागात. आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा. मुलींचे नाव सुरुवातीच्या सक्तीत नव्हते. सहा वर्षांखालच्या मुलांचा तर विचारही त्यात नव्हता.

विधेयक मांडले गेले १६ मार्च १९११ रोजी आणि पडले त्यानंतर वर्षाने. मधल्या काळात सरकारने ते प्रांतिक सरकारांकडे अभिप्रायासाठी पाठवले होते. अभिप्राय आले. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, सक्तीने असंतोष माजेल, आधी स्वेच्छेने जमेल तेवढे वाढू द्या, नगरपालिकांची तयारी नाही, असा एकंदर सूर होता. शिक्षण खात्याचे सदस्य हारकोर्ट बटलर यांनी याच अभिप्रायांचा आधार घेऊन विरोध केला. गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपाला आकड्यांनी उत्तर दिले. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या बडोदे संस्थानात सक्ती आणून दाखवली होती, तो दाखला समोर होताच. उपयोग झाला नाही. ज्यांना विचारले होते त्यांचे उत्तर ‘सध्या नको’ असे होते, आणि ते उत्तर दिल्याबद्दल त्यांना पुढे कोणी जाब विचारणार नव्हते.

हा जुना प्रसंग मला आज आठवतो तो एका नव्या पद्धतीमुळे. बालशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था, आणि त्यांना पैसा पुरवणारी फाउंडेशने, आता राज्याच्या राजधानीत कन्सल्टंट नेमतात. काम असे असते : महिला व बालविकास, शालेय शिक्षण, आरोग्य, वित्त अशा खात्यांतल्या पंधरा-वीस अधिकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल त्यांना काय वाटते ते समजून घ्यायचे, आणि सरकारकडे पाठपुरावा कसा करावा याचा अहवाल द्यायचा. कोलकात्यात ही वाट हावड्याच्या नवान्नपासून सॉल्ट लेकच्या विकास भवनापर्यंत जाते. महाराष्ट्रात ती मंत्रालय, बेलापूरचे एकात्मिक बालविकास आयुक्तालय आणि पुण्याचे शिक्षण आयुक्तालय अशी फिरते. शहरे वेगळी असली तरी प्रश्नावली जवळपास एकच असते.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते आधी बोलले पाहिजे. संस्थेच्या माणसाला उद्या त्याच कार्यालयात परवानगीसाठी, अंगणवाडीत शिरण्याच्या पत्रासाठी उभे राहायचे असते. तो अधिकाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारत नाही, आणि अधिकारीही त्याच्यापुढे मन मोकळे करत नाही. नाव येणार नाही याची खात्री असेल तर बाहेरच्या माणसाला अधिकारी बरेच सांगतो : निधी कुठे अडकतो, कोणती पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, कोणत्या पत्राला उत्तरच येत नाही. काही कन्सल्टंट स्वतः प्रशासनात आयुष्य घालवलेले असतात, त्यांना फाइल कशी चालते ते ठाऊक असते. अशा माणसाने घेतलेली तासाभराची मुलाखत संस्थेला दोन वर्षांचा हेलपाटा वाचवू शकते.

तरीही हे काम आज ज्या रीतीने चालते, ती रीत बालशिक्षणाचे नुकसान करते असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अधिकाऱ्याला मत विचारले जाते. बालशिक्षण महत्त्वाचे वाटते का? अडचणी कोणत्या? काय करायला हवे? अशा प्रश्नांना आज कोणताही अधिकारी सुरेख उत्तर देतो. मेंदूची वाढ पहिल्या सहा वर्षांत होते हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर निधी मर्यादित आहे, पालकांना जाणीव नाही, सेविकांचे प्रशिक्षण कमी पडते, हे येते. शंभरहून अधिक वर्षांनंतरही पैसा आणि लोकांची तयारी ही दोन कारणे पहिल्या रांगेतच आहेत. कन्सल्टंट ती प्रामाणिकपणे टिपतो, अहवालात ‘आव्हाने’ या मथळ्याखाली मांडतो, आणि ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांनीच सांगितलेली सबब संस्थेच्या पुढच्या आराखड्याची चौकट होऊन बसते. पालकांना जाणीव नाही असे खात्याने सांगितले म्हणून संस्था पालक-जागृतीची मोहीम आखते. रिकाम्या पदांचा विषय मागे पडतो.

खरे तर अधिकाऱ्याच्या मतापेक्षा त्याच्या हातात काय होते आणि त्याने काय केले, हे कळायला हवे. यंदा पूर्वशालेय साहित्याचे संच किती केंद्रांना गेले? बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची किती पदे भरली? एका पर्यवेक्षिकेकडे किती अंगणवाड्या आहेत, आणि तिने गेल्या महिन्यात किती ठिकाणी शिकवणे पाहिले, किती ठिकाणी फक्त रजिस्टर? वित्त खात्याने कोणता प्रस्ताव परत पाठवला, कोणता शेरा मारून? या प्रश्नांना मत चालत नाही, हिशेबच द्यावा लागतो.

आपल्या देशात अधिकाऱ्यांना असे विचारले गेले, आणि त्याने खरोखर फरक पडला, त्याचे सर्वांत मोठे उदाहरण अन्न अधिकाराच्या खटल्याचे आहे. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने आयुक्त नेमले, त्यातले एन. सी. सक्सेना स्वतः निवृत्त सनदी अधिकारी, नियोजन आयोगाचे माजी सचिव. राज्यांच्या अधिकाऱ्यांना प्रतिज्ञापत्रे द्यावी लागली. वस्त्या किती, अंगणवाड्या किती, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत किती, हे लिहून, सही करून. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात न्यायालयाने डिसेंबर २००८ पर्यंत १४ लाख अंगणवाड्या उभ्या करण्यास सांगितले, आणि ज्या वस्तीत चाळीस मुले आहेत पण केंद्र नाही तिने मागितल्यास तीन महिन्यांत द्यावे, असेही. त्याच महिन्यात सहा वर्षांखालील मुलांविषयीचा ‘फोकस’ अहवाल निघाला. महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या पाहणीवर तो उभा होता, आणि ती पाहणी केंद्रांच्या दारात, आयांशी आणि सेविकांशी बोलून झाली होती. आज देशात १४ लाखांच्या घरात अंगणवाड्या आहेत, पश्चिम बंगालमध्ये सुमारे १ लाख १९ हजार, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. त्या सगळ्या चांगल्या चालतात असे नाही. पण त्या आहेत.

न्यायालयाचा रस्ता रोज उपलब्ध नसतो हे मान्य. मग कोलकात्यातलाच दुसरा दाखला घेऊ. अमर्त्य सेन यांनी १९९८ च्या नोबेल पुरस्काराच्या रकमेतून प्रतीची ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टच्या संशोधकांनी पश्चिम बंगालच्या प्राथमिक शाळांवर २००२ मध्ये अहवाल काढला. शिक्षकांची गैरहजेरी, खासगी शिकवण्यांचे जाळे, गरीब मुलांकडे दुर्लक्ष, असे बरेच कडू त्यात होते. शिक्षक संघटना दुखावल्या जाणे साहजिक होते. ट्रस्टने पुढे जे केले ते मला फार मोलाचे वाटते : ज्यांच्यावर ठपका होता त्या शिक्षकांच्या संघटनांनाच चर्चेला बसवले, पुन:पुन्हा बसवले, आणि काही वर्षांनी परत जाऊन काय बदलले ते तपासले. अंगणवाड्यांवरही ट्रस्टने स्वतंत्र अहवाल केला. विचारणारे तिथेच राहणारे होते. उत्तर देणाऱ्याला ठाऊक होते की हे लोक परत येतील.

कन्सल्टंट परत येत नाही. हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. त्याचा करार संपतो. मुलाखतीत एखाद्या सहसचिवाने मनापासून सांगितलेली गोष्ट, एखादे अर्धवट दिलेले आश्वासन, फोन नंबर देऊन ‘पुढच्या महिन्यात आठवण करा’ म्हटलेले, हे सगळे त्याच्या वहीत राहते. संस्थेकडे पोहोचतो तो नावे काढून टाकलेला, गुळगुळीत केलेला गोषवारा. फाउंडेशन तो वाचते, अधिकाऱ्याकडे तो जातच नाही. तोवर अधिकाऱ्याची बदली होते. नवा माणूस येतो, संस्था नवा कन्सल्टंट नेमते. पाठपुरावा या कामाचा जीवच ओळखीत असतो, आणि ती ओळख आपण कंत्राटाने बाहेर देऊन टाकतो.

मुलाखतीला निवडले जातात तेही वरचेच. यामुळे सर्वांत जास्त गमावले जाते असे मला वाटते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण प्रत्यक्षात होते किंवा होत नाही ते एका बाईच्या, अंगणवाडी सेविकेच्या हातून. कोलकात्यात तिचे केंद्र मोहल्ल्यातल्या क्लबच्या खोलीत असू शकते, मुंबईत वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत. सकाळी मुले गोळा करणे, मदतनिसेबरोबर आहाराचे पाहणे, वजने घेणे, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणाचे कुठले तरी काम, आणि हे सगळे पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर भरणे. यातून उरला तर बडबडगीताला वेळ. केंद्र सरकारच्या योजनेत तिचे मानधन २०१८ मध्ये महिना ४,५०० रुपये झाले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात सेविकांनी कामासाठी मिळालेले निकामी मोबाइल सरकारला परत केले आणि ४ डिसेंबर २०२३ पासून त्या बेमुदत संपावर गेल्या. गुजरातच्या सेविका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला. बालशिक्षणाच्या बाजूने या देशात सर्वांत चिवटपणे कोणी सरकारशी बोलत असेल तर त्या याच बाया आहेत. त्यांच्या संघटनांची नावे बालशिक्षणाच्या अहवालांत क्वचितच दिसतात.

बालशिक्षणाच्या कार्यकर्त्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडला. दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गाच्या मुलांसाठी जे उभे केले होते, ते वारली मुलांपर्यंत न्यायचे तर शाळाच पाड्यावर नेली पाहिजे, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी अंगणात मुले गोळा करून दाखवले. मुलांना आंघोळ घालत, खाऊ देत, आणि मुले जंगलातल्या बिया-पानांशी खेळत शिकत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. त्याआधी मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९७२ मध्ये शाळापूर्व मुलांविषयी अहवाल दिला होता. योजनेच्या सहा सेवांत पूर्वशालेय शिक्षण आले, पण पोषणाच्या आणि लसीकरणाच्या मागे. आहार न आल्याचा जाब आई विचारते, गावही विचारते. गाणे-गोष्ट न झाल्याचा जाब विचारणारे कोणी नसते.

कायद्यानेही हीच पायरी ठेवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क मानले होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदापुरता केला आणि सहाखालच्या मुलांना अनुच्छेद ४५ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत बसवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमात सरकार पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था करू शकेल, एवढेच आहे. करावीच लागेल असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून २०३० पर्यंत सर्व मुलांना बालशिक्षण देण्याचे ठरवले. पण धोरण मोडले म्हणून कोणी न्यायालयात खेचले जात नाही. पश्चिम बंगालने स्वतःचे धोरण २०२३ मध्ये काढले. तिथे आधीची दोन वर्षे अंगणवाडीत आणि पाचव्या वर्षाचा वर्ग प्राथमिक शाळेत, म्हणजे मूल पाच वर्षांचे होताच एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते. ते मूल खरेच पोहोचले की मध्ये गळाले, याची यादी कोणाकडे असते? दोन्ही खात्यांना हा प्रश्न एकाच टेबलावर बसवून विचारला पाहिजे. वेगवेगळ्या खोल्यांत घेतलेल्या वीस मुलाखतींतून त्याचे उत्तर निघणार नाही, कारण प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवेल आणि दोन्ही बोटे अहवालात इमानाने नोंदली जातील.

म्हणून ज्या संस्थांना कन्सल्टंट नेमायचाच आहे त्यांनी त्याला तयारीचे काम द्यावे. अंदाजपत्रके वाचणे, माहिती अधिकारात कागद काढणे, महालेखापरीक्षकांचे अहवाल चाळणे, कोणत्या टेबलावर कोणता प्रस्ताव आहे ते शोधणे, यात जाणकार माणसाच्या कष्टाला मोल आहे. मुलाखतीला मात्र संस्थेचा कायमचा माणूस जावा, बरोबर एक पर्यवेक्षिका किंवा संघटनेची सेविका असावी, आणि जे बोलणे झाले त्याचे टिपण आठवड्याच्या आत अधिकाऱ्याकडेच परत जावे : आपण असे म्हणालात, अमुक तारखेपर्यंत अमुक करता येईल म्हणालात. नाव न सांगण्याच्या अटीवर कोणी काही सांगितले तर ते वेगळे जपावे. निवृत्त अधिकाऱ्यांकडे तर आवर्जून जावे. त्यांना आता बदलीची भीती नसते आणि कुठली फाइल का अडली हे त्यांच्याइतके कोणाला आठवत नाही.

गोखले १९०२ पासून जवळजवळ दर मार्च महिन्यात कलकत्त्याला अर्थसंकल्पावर बोलत होते. मिठावरचा कर, लष्कराचा खर्च, शिल्लक रक्कम, शिक्षणाची तरतूद. दर वर्षी तेच खाते, तेच आकडे, गेल्या वर्षीच्या आश्वासनासकट. कर्झनपासून हार्डिंजपर्यंत व्हाइसरॉय बदलले, प्रश्न विचारणारा बदलला नाही. विधेयक पडले, पण मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला आणि बंगालमध्ये पाठोपाठ १९१९ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला.

राज्यांचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो, पण खात्यांचे अंदाज ठरतात ते त्याच्या कितीतरी आधी. दुर्गापूजेच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या संपून कार्यालये उघडतात तेव्हा मागण्यांचे तक्ते तयार होऊ लागलेले असतात : किती नवी केंद्रे, किती खोल्यांचे भाडे, किती साहित्य संच, किती दिवसांचे प्रशिक्षण. मार्चमध्ये घेतलेल्या मुलाखतीला हे तक्ते दिसतही नाहीत. जायचे असेल तर या आठवड्यांत जायला हवे, बरोबर आपल्या तालुक्यातल्या किंवा वॉर्डातल्या केंद्रांची यादी घेऊन, प्रत्येक केंद्रापुढे तिथल्या सेविकेने सांगितलेली एकेक उणीव लिहून.