वाढीव टाकी

सोलापूर–धुळे महामार्गावर, वाशी तालुक्यात तेरखेडा लागतं. मराठवाड्यात वरात असो की गावजत्रा, आतषबाजी म्हटलं की तेरखेड्याचं नाव निघतं. गावाबाहेरच्या माळावर एकमेकींपासून फटकून उभ्या असलेल्या खोल्या दिसतात. नवख्याला वाटतं, एवढी जागा मोकळी का सोडली असेल? त्या मोकळ्या जागेचीच ही गोष्ट आहे. ती सांगायला मात्र एका जुन्या विमानाची मदत घ्यावी लागणार आहे.

अण्णांचा फटाक्यांचा कारखाना वडिलांपासूनचा. एका वेळी किती दारू जवळ ठेवायची, कुठल्या शेडमध्ये किती माणसं बसवायची, दोन शेडमध्ये किती अंतर ठेवायचं, हे सगळं परवान्यात आणि त्याला जोडलेल्या नकाशात लिहिलेलं. त्या वर्षी सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं दिवाळीसाठी दुप्पट माल मागितला. अण्णांनी दारू भरायच्या शेडमागे एक खोली बांधायला घेतली होती, पत्रे तेवढे टाकायचे राहिले होते. वाढलेला मसाला तिथं ठेवायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ही खोली नकाशात नव्हती.

"म्हयन्याभराचा तर सवाल हाय," ते म्हणायचे. "अर्ज करत बसलो तर दिवाळी जाऊन शिमगा यील."

महालक्ष्म्यांना त्यांची पुतणी घरी आली. ती विमानांच्या देखभालीचं काम करते. तिच्या सहीशिवाय विमान जमीन सोडत नाही, याचं अण्णांना फार कौतुक. दुपारी ती कारखान्यावर चक्कर मारून आली, ती खोली पाहिली, आणि काही बोलली नाही. रात्री जेवणं उरकल्यावर ओसरीवर पान लावता लावता अण्णांनी विचारलं, "सध्या कुठलं इमान हाय हातात?"

"म्हातारं आहे अण्णा. पुष्पक."

पुष्पक म्हणजे बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीनं बांधलेलं छोटं विमान. 1958 च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उडालं. कापडानं मढवलेलं, दोन माणसांचं, नव्वद अश्वशक्तीचं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. पुतणीच्या हाती आलेलं पुष्पक एका निवृत्त गृहस्थांचं होतं. त्यांना लांबचा पल्ला मारायचा होता. पण वाटेतल्या धावपट्टीवर एव्हीगॅस मिळत नव्हतं. जुन्या इंजिनांना लागणारं हे पेट्रोल आता मोजक्याच ठिकाणी मिळतं. मग त्या गृहस्थांनी चांगल्या कारागिराकडून 40 लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी करून घेतली. वेल्डिंग इतकं सुबक की हात फिरवत राहावं. टाकी बसायच्या जागेमागे, सामानाच्या कप्प्यात नेमकी बसली. आता फक्त सही हवी होती.

"मग दिली का न्हाई?"

"माझे गुरुजी म्हणाले, टाकी आधी कागदावर बसव, मग विमानात."

विमानाच्या मूळ आराखड्यात बदल करायचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते. दुसऱ्या कुणी त्याच जातीच्या विमानासाठी असाच बदल आधी मंजूर करून घेतला असेल, तर त्या पूरक प्रमाणपत्राचा आधार मिळतो. इथं तसं काही हाताशी नव्हतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुळापासून शोधायचं होतं.

पहिला प्रश्न वजनाचा. 40 लिटर एव्हीगॅस म्हणजे 29 किलो. वर टाकी, पट्टे, नळ्या यांचं वजन. उडताना सगळं मिळून जेमतेम सहाशे किलो भरणाऱ्या विमानात एवढा भार मागच्या अंगाला.

"गाडी उलाळ व्हायची," अण्णा लगेच म्हणाले. मागं जास्त भरलं की बैलगाडीचं जू वर उचलतं, हे माळावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

"तसंच. पण गाडी उलाळ झाली तर माणूस उडी मारून उतरतो. विमानाचं नाक वर जातं, वेग मरतो, आणि मग ते गरगरत खाली येतं. शेपूट फार जड असेल तर दांडा पुढं रेटूनसुद्धा नाक खाली येत नाही."

मग बाकीचे प्रश्न. टाकीत निदान दोन टक्के जागा रिकामी हवी, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. हवेचा दाब देऊन ती कुठं फुगते का, गळते का ते पाहायचं. तळाशी पाणी साचायला खळगा आणि ते काढायला तोटी. टाकी माणसांच्या जागेत असेल तर तिच्याभोवती वाफ अडवणारं आवरण, आणि त्याचा निचरा थेट विमानाबाहेर. विमान आदळलं तर टाकी पट्टे तोडून माणसाच्या पाठीवर येणार नाही, याचं गणित. त्या गृहस्थांनी ही यादी वाचली आणि ते चिडले. त्यांचं म्हणणं एवढंच की पूर्वीच्या लोकांनी असले कागद रंगवले असते तर कुणी समुद्र ओलांडलाच नसता.

गुरुजींनी त्यांना तिथल्या तिथं फाँकची हकिगत सांगितली, आणि ती पुतणीनं ओसरीवर पुन्हा सांगितली. पहिल्या महायुद्धातला नामवंत फ्रेंच वैमानिक रेने फाँक सप्टेंबर 1926 मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाला. तीन इंजिनांचं मोठं विमान, पेट्रोलनं काठोकाठ भरलेलं. ते धावपट्टीच्या टोकापर्यंत धावलं, पण उचललंच नाही. पलीकडं कोसळून पेटलं. फाँक वाचला, तिघांपैकी दोन सोबती गेले. पुढच्या एप्रिलमध्ये डेव्हिस आणि वूस्टर हे अमेरिकन नौदलातले दोघे त्याच प्रवासाची तयारी करत होते. पूर्ण भारानिशी केलेल्या चाचणीत त्यांचं विमान दलदलीत पडलं आणि दोघेही दगावले. त्यानंतर महिन्याभरानं लिंडबर्ग गेला. त्यानं मोठी टाकी आपल्या पुढ्यात घेतली. त्यापायी समोरचं काही दिसेना, बाहेर बघायला पेरिस्कोप लावावा लागला. पण विमान पडलं तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चिरडायला नको, हा विचार त्यानं उडायच्या आधी केला होता. साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला.

"आन आपल्याकडं?" अण्णांनी विचारलं.

"आपल्याकडं जेआरडींनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ उडवलं, तेव्हा ते मधे अहमदाबादला उतरले. पेट्रोल बैलगाडीतून आलं. ते भरलं आणि मग जुहूला आले. उतरून भरणं हासुद्धा मार्ग असतो, अण्णा."

अण्णांना ते पटल्यासारखं दिसलं, पण ते इतक्यात मागं सरणारे नव्हते. "त्या कांदिवलीच्या यादवांचं काय झालं मग? गच्चीवर इमान बांधलं त्या गड्यानं. किती वर्षं अडवलं त्याला?"

प्रश्न रास्त होता. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. 2011 मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला, ती नोंदणी 2017 मध्ये मिळाली, आणि उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये. मधल्या काळात नियमच बदलले. मला विचाराल तर एवढ्या विलंबाचं समर्थन कुणी करू नये. हुशार माणसाची उमेदीची वर्षं फायलीत जाणं हे देशाचं नुकसान आहे.

पुतणीही तेच म्हणाली. "उशीर झाला तो वाईटच. त्याच्याशी भांडायचंच. पण प्रश्नाशी भांडून काय मिळणार? प्रश्न साहेबानं नाही विचारला तरी वर गेल्यावर हवा विचारणारच आहे."

मग तिनं पुष्पकाचं पुढचं सांगितलं. वजनाचं गणित जमलं, आवरण झालं, पट्टे बदलले. शेवटी जमिनीवरची चाचणी. पुष्पकाची मुख्य टाकी वैमानिकाच्या पुढ्यात आहे. मागची टाकी थोडी उंच बसवली होती, म्हणजे सरळ उडताना पेट्रोल आपोआप पुढं उतरेल. चाचणीसाठी मागची टाकी अर्धीच भरली आणि मधली तोटी उघडली. विमान शेपटीवर टेकून, नाक वर करून उभं होतं, कारण ते तसंच उभं राहतं. थोड्या वेळानं पाहतात तर पुढच्या टाकीतलं पेट्रोल कमी होत होतं.

"मागं चाललं व्हतं?"

"मागं. नाक वर असल्यामुळं मागची टाकी खाली गेली होती. म्हणजे तोटी चुकून उघडी ठेवून वर चढत गेले असते, तर इंजिनाच्या तोंडचं पेट्रोल शेपटीकडं पळालं असतं. इंजिन उपाशी आणि शेपूट जड. आम्हा कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. त्या देखण्या टाकीकडं बघून तर कळलंच नसतं."

शेवटी एकाच दिशेनं वाहू देणारी झडप बसली. तोटीजवळ पाटी लागली: फक्त सरळ उड्डाणात, पुढची टाकी अर्धी झाल्यावरच उघडा. सामानाचा कप्पा कायमचा बंद. टाकी भरलेली असेल तर दुसरा माणूस घ्यायचा नाही. मालकांना मागितलं होतं त्याहून कमी मिळालं. पण मंजुरी मिळाल्यावर ते स्वतः त्या पाटीवरची धूळ पुसत होते.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या टाकीला इचारलं तसं माझ्या खोलीला इचार की."

सकाळी दोघं फीत घेऊन माळावर गेले. पुतणीला दारूकाम कळत नव्हतं, पण प्रश्न विचारता येत होते. ही खोली उडाली तर दार कुणाच्या दिशेला आहे? वारा कुठून येतो? भरायच्या शेडपासून किती अंतर आहे? शेडमध्ये चारच माणसं असतात, मग बाकीची कुठं असतात?

कामावर सगळ्यांत जुन्या असलेल्या मावशी बाजूला उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "जेवाया बसतो न्हवं आमी हितं."

"कुठं?"

"हितंच. ह्या नव्या भिंतीच्या सावलीला. माळावर दुसरी सावली कुठंय, अण्णा? बारा-तेरा बाया असतो दुपारच्याला."

नकाशात भिंती होत्या, शेड होत्या, अंतरं होती. बायका जेवायला कुठं बसतात, हे कुठंच नव्हतं. अण्णांनाही ते ठाऊक नव्हतं, कारण दुपारी ते घरी जेवायला जात. ते त्या भिंतीकडं बघत राहिले. तिच्या बुडाशी चटणीचे डाग आणि कांद्याची सालं होती.

त्या दिवशी त्यांनी दोन कामं केली. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, पत्र्याचं छप्पर टाकायला गवंड्याला बोलावलं आणि जेवण तिथंच, असं सगळ्यांना सांगितलं. मग सोलापूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. परवान्यात बसतो तेवढाच माल देईन म्हणाले. व्यापारी भडकला, पिढ्यांचा संबंध काढला, उरलेला माल दुसरीकडून उचलला. त्या दिवाळीत अण्णांच्या हाती पैसा कमी आला, आणि घरात त्यावरून बोलणं झालं ते झालंच.

अर्ज मात्र त्यांनी केला. फटाके बनवण्याचे 15 किलोपर्यंतचे परवाने जिल्हाधिकारी देतात. त्याहून मोठं काम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडं जातं. खोलीची जागा बदलून, अंतरं नव्यानं मोजून, जेवणाचं छप्परही दाखवून त्यांनी नवा नकाशा काढून घेतला. खर्च आला, हेलपाटे झाले. तहसिलीत कुणीतरी म्हणालं की एवढं दाखवायची गरज नव्हती. अण्णांनी ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात पत्र आलं. मंजुरी नव्हती, शंका होती: प्रस्तावित कोठारापासून वरून जाणाऱ्या विजेच्या तारेचं अंतर दाखवलेलं नाही.

अण्णांनी पत्र पुतणीला फोनवर वाचून दाखवलं. "तार हाय खरी," ते म्हणाले. "शेतातल्या मोटारीसाठी भावानं ओढून घेतलेली. रोज तिच्याखालून जातो मी. उद्या वायरमनला घेऊन जातो आन मोजतो. जवळ निघाली तर खांब हलवायचा अर्ज वेगळा करावा लागंल, तेवढं इंग्रजीत लिहून पाठव."